डिकीवाल्यांच्या देशात इस्टेट गाडी

मराठी घरात 'इस्टेट' हा शब्द उच्चारला की सातबारा, वाटण्या आणि कोर्टाच्या तारखा डोळ्यापुढे येतात. 'तुझ्या बापाची इस्टेट आहे का?' हे तर आपण पार्किंगच्या जागेवरूनही एकमेकांना ऐकवतो. त्यामुळे इस्टेट नावाचा गाडीचा एक प्रकार असतो, असं सांगायला गेलं की समोरचा आधी हसतो. गंमत म्हणजे नावाचा उगम खरोखर जमीनजुमल्यातच आहे. इंग्लंडातल्या जमीनदारांच्या इस्टेटीवर पाहुणे, कुत्री, बंदुका आणि सामान एकत्र वाहणारी गाडी ती इस्टेट कार. अमेरिकेत रेल्वे स्टेशनावरून माणसं आणि ट्रंका घरी आणायच्या, म्हणून तीच झाली स्टेशन वॅगन. आपल्याकडे ते काम टांग्याने केलं, नंतर रिक्षाने, त्यामुळे आपल्याला वेगळ्या शब्दाची गरजच पडली नाही.

रचना अगदी सोपी आहे. सेडान घ्यायची, तिचं छप्पर मागच्या टोकापर्यंत ओढायचं, डिकीचं वेगळं खोकं काढून टाकायचं आणि मागे वर उघडणारं दार बसवायचं. चालवायला कार, सामानाला टेम्पो. आणि तरीही ही गाडी भारतात कधी खपली नाही. पाच-सहा कंपन्यांनी प्रयत्न केले, सगळे आपटले.

हा सगळा इतिहास परत उकरून काढायचं कारण म्हणजे माझा एक नगरचा मित्र. (कागदोपत्री २०२४ पासून अहिल्यानगर. नाव बदललं तरी एमएच-१६ तोच आहे आणि बोलताना आमच्या तोंडात नगरच येतं.) मित्र हिंजवडीत, आईवडील केडगावला. मागच्या वर्षी काकांना अर्धांगाचा झटका आला. आता महिन्यातून दोनदा त्यांना तपासणीला आणि फिजिओसाठी पुण्याला आणावं लागतं. जायला १२० किलोमीटर, यायला १२०. व्हीलचेअर सोबत. घरातल्या हॅचबॅकमध्ये व्हीलचेअर ठेवली की मागच्या सीटवर बसायला जागा उरत नाही, आणि काकू तर सोबत लागतातच. उंच गाडीत काकांना चढता येत नाही. टॅक्सीवाले व्हीलचेअर बघून भाव बदलतात. बजेट साडेचार लाख. महिन्याचं रनिंग पाचसहाशे किलोमीटर, म्हणजे डिझेलचा हिशेब जुळत नाही. थोडक्यात काय, तर बैठक कारच्या उंचीची, मागे मोठी सपाट जागा, पेट्रोल, सेकंडहँड, आणि सुपे-शिरूरच्या मध्ये कुठेही बंद न पडणारी. अर्धांगाचा माणूस गाडीत बसवून हायवेच्या कडेला टोचनची वाट बघणं, हे चित्र त्याला नको होतं.

"अरे, तू ज्या गाडीचं वर्णन करतोयस तिला इस्टेट म्हणतात," मी म्हटलं.

"मग सांग ना कुठली घेऊ."

आता इथे एका ओळीत उत्तर देणारा माणूस शहाणा. पण मी सॉफ्टवेअरवाला. आमच्याकडे बग सांगितला की आधी गिट हिस्टरी बघतात.

तर हिस्टरी. साठच्या दशकाच्या शेवटी मद्रासच्या स्टँडर्ड मोटर कंपनीने 'स्टँडर्ड कंपॅनियन' नावाची इस्टेट काढली. मूळ गाडी इंग्लंडची ट्रायम्फ हेराल्ड, इंजिन ९४८ सीसी पेट्रोल. इंग्लंडात हेराल्डला दोनच दारं होती. चार दारांची हेराल्ड आणि पाच दारांची इस्टेट मात्र फक्त भारतासाठी बनली. म्हणजे आपल्या कुटुंबाचा आकार बघून मुद्दाम केलेली गाडी! तरी तिची नोंद आज जुन्या गाड्यांचे शौकीन सोडले तर कोणाकडे नाही. त्याच काळात अँबॅसिडर किंवा फियाटचा मागचा भाग कापून बॉडीबिल्डरकडून वॅगन करून घेणारेही लोक होते. अँबॅसिडरच्या रुग्णवाहिका तर पुढे बरीच वर्षं रस्त्यावर दिसायच्या. माझ्या मते इस्टेटचं नशीब तिथेच अर्धं फुटलं. मागे छप्पर लांब असलेली गाडी म्हणजे ॲम्ब्युलन्स, नाहीतर त्याहून वाईट काहीतरी, हे समीकरण डोक्यात बसलं. लग्नात नवरदेवाला त्यातून कोण आणणार?

तो लायसन्स राजचा काळ. नवी गाडी नंबर लावून वर्षानुवर्षं मिळायची नाही, म्हणून हातात असलेली जुनी गाडी नव्याच्या छापील किमतीपेक्षा महाग विकली जायची. आज आपण सेकंडहँड गाडीकडे घसारा म्हणून बघतो. त्या पिढीने तिच्याकडे ठेव म्हणून बघितलं. आपल्या बाबा-काका मंडळींना जुनी गाडी विकताना जो भाव डोक्यात असतो, त्याचं मूळ इथे आहे असा मला दाट संशय आहे.

नगरला गाडी हा विषय परका नाही. दौंड रस्त्यावरच्या कायनेटिकच्या कारखान्यात वर्षानुवर्षं लूना बनली. लूना बाजारात आली १९७२ साली, तीही फिरोदियांची, आणि फिरोदिया मूळचे नगरचेच. गावात लष्कराचं रणगाड्यांचं प्रशिक्षण केंद्र आहे, १९९४ पासून रणगाड्यांचं संग्रहालय आहे, आणि त्यात रोल्स रॉइसची चिलखती गाडीसुद्धा आहे. डीआरडीओची वाहन संशोधन संस्था, व्हीआरडीई, इथेच. केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या नियम १२६ मध्ये नवीन मॉडेल तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांची यादी आहे, त्यात हिचं नाव आहे. काका स्वतः एमआयडीसीत आयुष्यभर लेथवर काम केलेले. त्यांना बोलायला आता त्रास होतो, पण गाडीचा विषय निघाला की हाताने बॉनेट उघडायची खूण करतात. म्हणजे आधी इंजिन दाखव, मग बोल.

पण या जिल्ह्याने कुटुंबाची मोठी गाडी म्हणून जे निवडलं ते डिझेल. ट्रॅक्स, कमांडर, मग १९९४ नंतर सुमो, नंतर बोलेरो. कारण सरळ होतं. डिझेलचा भाव सरकार ठरवायचं आणि शेती, एसटी, ट्रक यांच्यासाठी तो मुद्दाम खाली ठेवलेला असायचा. उसाच्या पट्ट्यातल्या माणसाला दहा माणसं, दोन पोती आणि एक डिझेल इंजिन एवढं मिळालं की बाकी काही नको होतं. टाटांनी १९९२ मध्ये तर चक्क 'इस्टेट' याच नावाची गाडी पुण्यात बनवली. दिसायला देखणी, आत ऐसपैस. तीसुद्धा डिझेल. आपल्या यादीतून ती त्यामुळेच बाद, शिवाय तिचं उत्पादन थांबूनही आता दोन तपं उलटली.

पेट्रोल इस्टेटची खरी लाट आली १९९९ नंतर. मारुतीने बलेनो सेडान आणली आणि पाठोपाठ तिची इस्टेट, अल्टुरा. १५९० सीसीचं पेट्रोल इंजिन, त्या काळात हायवेला पळणारी गाडी म्हणून नाव होतं. जनरल मोटर्सने ओपेल कोर्सावर बेतलेली स्विंग आणली. फियाटने सिएनावरून वीकेंड काढली, मग तिलाच उंच करून ॲडव्हेंचर. श्कोडाने ऑक्टाविया कॉम्बी आणली. श्कोडाचा कारखाना शेंद्र्याला, नगरहून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, पण पार्ट्सच्या किमती ऐकल्या की वाटायचं ते थेट प्रागहून विमानाने येतात. आणि २००४ मध्ये टाटांची इंडिगो मरिना. यातली एकही चालली नाही. ज्यांना ऐपत होती त्यांना शेजाऱ्यांना दाखवायला डिकी हवी होती, ज्यांना जागा हवी होती ते आठ माणसांची डिझेल गाडी घेत होते.

शेवटचा घाव सरकारी होता. २००६ च्या अर्थसंकल्पात छोट्या गाड्यांवरची एक्साइज २४ वरून १६ टक्क्यांवर आणली. छोटी म्हणजे लांबी चार मीटरच्या आत, आणि पेट्रोल असेल तर इंजिन १२०० सीसीपर्यंत, डिझेल असेल तर १५०० पर्यंत. आता इस्टेट म्हणजे मुळातच लांबीचा कारभार. चार मीटरच्या आत ती बसवायची म्हणजे धोतराची लंगोटी करायची. टाटांनी काय केलं बघा: ज्या इंडिगोला मागे लांब करून मरिना केली होती, तीच इंडिगो २००८ मध्ये मागून कापून चार मीटरच्या आत बसवली आणि इंडिगो सीएस म्हणून विकली. ती खपली! चार वर्षांच्या अंतराने एकाच गाडीचं शेपूट एकदा वाढवलं, एकदा तोडलं, आणि ग्राहकाने तोडलेलं पसंत केलं. चार मीटरची ती रेघ अजून आहे. जीएसटीतही आली, आणि सप्टेंबर २०२५ च्या नव्या दरांत तर रेघेच्या अलीकडे १८ आणि पलीकडे ४० टक्के झालं.

असो. शोरूममध्ये पडलेली गाडी सेकंडहँड बाजारात स्वस्त मिळते, हे त्याचं गोड फळ. 'मग अल्टुरा घेऊ? एकाने फोटो टाकलेत, डॉक्टरांची गाडी आहे म्हणे.' (जुन्या गाड्यांच्या जाहिराती वाचल्या तर या देशात इंजिनियर, वकील, शिक्षक कोणी गाडी विकतच नाही. फक्त डॉक्टर विकतात, आणि तेही फक्त रविवारी चालवलेली.)

इथे विश्वासार्ह या शब्दाचा अर्थ नीट लावून घ्यायला हवा. नव्या गाडीची विश्वासार्हता कारखान्यात ठरते. वीस वर्षं जुन्या गाडीची ठरते ती तिच्यासारख्या आणखी किती गाड्या अजून रस्त्यावर आहेत यावर. सॉफ्टवेअरमध्ये हे आपण रोज अनुभवतो. एखादी लायब्ररी कितीही सुंदर लिहिलेली असली आणि तिचा मेंटेनर गेला, वापरणारे गेले, की पहिला बारीकसा बगही आपल्यालाच निस्तरावा लागतो. उलट एखादी ओबडधोबड लायब्ररी लाखो लोक वापरत असतील, तर आपला प्रॉब्लेम कोणीतरी आधीच सोडवून ठेवलेला असतो. गाडीचंही तेच. कोर्सा स्विंग इंजिनियरिंगच्या दृष्टीने चांगली गाडी होती. पण ओपेल हे नाव भारतातून २००६ मध्ये गेलं आणि २०१७ च्या अखेरीस जनरल मोटर्सने भारतातली विक्रीच बंद केली. फियाटनेही २०१९ मध्ये गाशा गुंडाळला, आणि ते दुःख नगरच्या लोकांना जरा जास्त, कारण रांजणगावचा कारखाना आमच्या पुण्याच्या रस्त्यावर येता-जाता दिसतो.

इस्टेटच्या बाबतीत यात आणखी एक मेख आहे, आणि ती गाडी बघायला गेलेला माणूस हमखास विसरतो. इस्टेटचा पुढचा अर्धा भाग सेडानचा असतो, मागचा अर्धा अनाथ. अल्टुराचं इंजिन, गिअरबॉक्स, क्लच, पुढचे शॉकअप या गोष्टी बलेनो सेडानच्या चालतात. बलेनो २००७ पर्यंत विकली गेली, त्यामुळे जुन्या बाजारात शोधलं तर अजून काही ना काही हाताला लागतं. पण मागची काच? टेल लॅम्प? मागचं दार, त्याचे गॅसचे दांडे, त्या दाराचं रबर? हे सगळं फक्त अल्टुराचं. चाकणच्या सिग्नलला कोणी मागून ठोकलं तर गाडी इंजिनाने ठणठणीत असूनही घरी बसेल. म्हणून अशी गाडी बघताना लोक बॉनेट उघडतात तेव्हा आपण आधी मागे जावं. मागचं दार तीनचार वेळा उघडून मिटावं, रबर कुठे फाटलंय का बघावं, कार्पेट उचलून स्टेपनीच्या खड्ड्यात पाणी किंवा गंज आहे का तपासावं. छप्पर जिथे मागच्या दाराला भेटतं तिथला सांधा बोटाने चाचपावा. तिथे पुट्टी भरलेली असेल तर टकटक केल्यावर पत्र्याचा आवाज न येता भिंतीचा येतो.

मरिनाचं गणित त्या मानाने बरं. खालचा सांगाडा इंडिकाचा, आणि इंडिका १९९८ च्या डिसेंबरपासून जवळपास वीस वर्षं बनली. पाथर्डी, शेवगाव, नेवासे, कुठल्याही तालुक्याच्या गावी सस्पेन्शनचे बुश, ब्रेकचे लायनर, दाराची लॉकं मिळतात. पण नीट ऐका, आपल्याला पेट्रोल हवी आहे. तालुक्यातल्या त्या सगळ्या इंडिका डिझेल होत्या. पेट्रोल इंडिकाचं इंजिन ज्याने खोललंय असा मिस्त्री शोधावा लागतो. म्हणजे गाडीचे हातपाय गावाला ओळखीचे आणि हृदय परकं. मित्राने दोन मरिना बघितल्या. एकीच्या डिकीत एलपीजीची टाकी बसवलेली होती, जिची आरसीवर नोंद नव्हती. दुसरीची पंधरा वर्षांची नोंदणी २०२१ मध्ये संपून फेरनोंदणी झालेली होती, ती पाचच वर्षांची असते, म्हणजे लगेच परत रांग. पंधरा वर्षं झाली की महाराष्ट्रात पर्यावरण कर, आणि ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या कारला फेरनोंदणीची फी १०,००० रुपये. छंद म्हणून ठेवायची असेल तर अल्टुरा किंवा मरिना जरूर घ्यावी, मीसुद्धा एक दिवस घेईन. पण काकांना दर पंधरा दिवसांनी पुण्याला न्यायला नाही.

आता पेट्रोलबद्दल थोडं, कारण नगर जिल्ह्यात बसून पेट्रोलची जुनी गाडी घ्यायची आणि उसाबद्दल बोलायचं नाही हे शक्य नाही. १९५० मध्ये लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरेचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला, आणि मग जिल्हाभर चिमण्या उभ्या राहिल्या. साखरेमागून मळी आली, मळीमागून अल्कोहोल. २००१ साली पेट्रोलमध्ये ५ टक्के इथेनॉल मिसळायचे प्रयोग देशात फक्त तीन ठिकाणी झाले: मिरज, मनमाड आणि उत्तर प्रदेशात बरेलीजवळ. मनमाड म्हणजे कोपरगावच्या शेजारचंच. जानेवारी २००३ मध्ये ते नऊ राज्यांत लागू झालं, मध्ये पुरवठ्याअभावी रखडलं, मग २०२२ मध्ये १० टक्के आणि २०२५ मध्ये २० टक्के. म्हणजे ज्या काळात अल्टुरा आणि स्विंग शोरूममध्ये उभ्या होत्या, त्याच काळात शेजारच्या डेपोत त्यांच्या म्हातारपणीचं इंधन तयार होत होतं. काकांच्या भावकीतल्या मंडळींचा ऊस कारखान्यात जातो आणि त्याच उसाचा अंश पंपावरून घरच्या गाडीत येतो. शेतकऱ्याच्या बाजूने बघाल तर चांगलीच गोष्ट आहे. जुन्या गाडीच्या बाजूने बघाल तर जरा जपायला हवं.

एप्रिल २०२३ च्या आधीच्या गाड्या २० टक्क्यांसाठी बनवलेल्या नव्हत्या. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोनतृतीयांश ऊर्जा असते, त्यामुळे ॲव्हरेज घटतं. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच जुन्या चारचाकींसाठी ६ ते ७ टक्के घट धरली होती. ते परवडतं हो. खरी काळजी दोन गोष्टींची. एक, जुन्या रबरी नळ्या आणि सील. इथेनॉलने ते फुगतात, कडक होतात, चिरतात, आणि पेट्रोलची नळी गरम इंजिनाशेजारी चिरली तर काय होतं ते सांगायला नको. दोन, इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. गाडी महिनामहिना उभी राहिली आणि टाकी अर्धी रिकामी असली की पाणी टाकीत साठत जातं. महिन्यातून दोनदाच निघणाऱ्या गाडीला हे नेमकं लागू. म्हणून नळ्या आणि फिल्टर घेतल्या घेतल्या बदलायचे, गाडी दर आठवड्याला भिंगारपर्यंत तरी फिरवून आणायची, आणि टाकी तळाला जाऊ द्यायची नाही.

मग घ्यायची कुठली? मी मित्राला शेवटी सांगितलं ते ऐकून तो चिडलाच. "एर्टिगा? एवढा इतिहास सांगून एर्टिगा?"

हो, एर्टिगा. मारुतीने २०१२ च्या एप्रिलमध्ये ती आणली तेव्हा तिला इस्टेट म्हणायचं धाडस केलं नाही. 'लाइफ युटिलिटी व्हेइकल' असं काहीतरी नाव दिलं. पण गाडी नीट बघा. स्विफ्टच्या घराण्यातला सांगाडा, लांबी ४,२६५ मिलिमीटर, म्हणजे चार मीटरच्या रेघेपलीकडे, कार इतपतच उंच बैठक, छप्पर सरळ मागे गेलेलं आणि मागे वर उघडणारं दार. शेवटची रांग आडवी केली की जी जागा होते ती म्हणजे इस्टेट. सहाव्या-सातव्या माणसाची सीट दाखवून मारुतीने भारतीय कुटुंबाला गुपचूप इस्टेट विकली. डिकी गेल्याचं दुःख कोणाला झालं नाही, कारण तिच्या जागी पाहुण्यांसाठी सीट आली होती! आणि वेळही बरोबर होती. पेट्रोलचे दर जून २०१० मध्ये सरकारी बंधनातून सुटले, डिझेलचे ऑक्टोबर २०१४ मध्ये. दोघांतलं अंतर कमी झालं आणि कमी फिरणाऱ्या घराला पेट्रोल परवडू लागलं. एप्रिल २०२० मध्ये तर मारुतीने डिझेल बनवणंच सोडलं.

पहिल्या पिढीच्या पेट्रोल एर्टिगाचं इंजिन १३७३ सीसीचं, के-सिरीजचं. टायमिंग बेल्टऐवजी चेन. मारुतीचे पार्ट्स कुठे मिळत नाहीत सांगा. मागचा भाग इथेही वेगळाच आहे, पण तो अनाथ नाही, कारण एर्टिगाच इतक्या विकल्या गेल्या की टेल लॅम्प नगरच्या दुकानात टांगलेला असतो.

बघताना मात्र या जिल्ह्याची म्हणून एक खास सावधगिरी लागते. शिर्डी. शिर्डी-शिंगणापूर फेऱ्या मारून थकलेल्या एर्टिगा पिवळी पाटी काढून, पांढरी लावून बाजारात येतात. मीटर मागे फिरवलेलं असतं, सीटकव्हर नवीन असतं. पण मधल्या दाराच्या उंबऱ्यावरचा रंग खोटं बोलत नाही. घरच्या गाडीत ड्रायव्हरच्या बाजूचा उंबरा झिजतो. भाविकांच्या गाडीत डावीकडचं मधलं दार झिजतं, तिसऱ्या रांगेत जायला सीट पाडायचा खटका सैल होतो. आरसी काढून आधी परमिट होतं का ते बघायचं. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढायचे. आतल्या टोकाला चिखलाची रेघ असेल तर गाडी कुठल्या तरी पुरात उभी होती. इंजिन थंड असताना सुरू करायला लावायचं. "तुम्ही येणार म्हणून गरम करून ठेवली" म्हणणाऱ्याला नमस्कार करून निघायचं. आणि कंपनीची सीएनजी एर्टिगा कितीही स्वस्त पडली तरी आपल्या कामाची नाही, सिलिंडर नेमका व्हीलचेअरच्या जागेवर असतो.

चौथी गाडी बरी निघाली. २०१४ ची, पेट्रोल, एमएच-१२, पुण्यातल्या एका निवृत्त काकूंची. (डॉक्टर नव्हत्या. मला तिथेच अर्धा विश्वास बसला.) मित्र व्हीलचेअर सोबत घेऊनच गेला होता, विकणाऱ्यांना ते जरा विचित्र वाटलं. मागची रांग पाडली, खुर्ची मिटून आडवी सरकवली, मधली सीट आख्खी मोकळी राहिली. पुढच्या डाव्या सीटची उंची त्याने टेपने मोजली. घरच्या पलंगापेक्षा थोडी जास्त, म्हणजे काकांना खुर्चीवरून सरकवता येईल. गाडी दाखवायला नगरहून त्यांच्या ओळखीचे मिस्त्री मामा आले होते. त्यांनी इंजिनाला फक्त दोन मिनिटं दिली आणि खाली वाकून वीस मिनिटं सायलेन्सर आणि बुश बघत बसले. पुढचे दोन बुश गेलेत, क्लच अजून वर्षभर जाईल, टायर मात्र चारही बदला, असं म्हणाले. त्यावर वीस हजार कमी झाले.

एकच अडचण उरली आहे. आरसीवर जुन्या कर्जाचा बोजा तसाच आहे. कर्ज फिटून सात वर्षं झाली, पण एचपी उतरवायचं राहून गेलं. त्यासाठी बँकेचा फॉर्म ३५ आणि एनओसी लागेल, त्यानंतरच फॉर्म २९ आणि ३० भरून गाडी नावावर होईल. विकणाऱ्या काकू बँकेत दोनदा जाऊन आल्या, पुढच्या सोमवारी परत बोलावलंय. तोवर पैशांचा फक्त इसार दिला आहे, आणि मिस्त्री मामांनी पेट्रोलच्या नळ्या, क्लिपा आणि फिल्टर मागवून ठेवले आहेत.